कठड्याविना जिना

महिन्यातला दुसरा रविवार आला की आमच्या घरात परकी माणसं शिरतात, दारात बूट ओळीने लावतात आणि कुजबुजत कौतुक करतात. बाबांच्या वास्तुरचनाकार मित्राने सदुसष्ट वर्षांपूर्वी बांधलेलं हे घर. आत एकही भिंत नाही, मधोमध नुसत्या फळ्यांचा जिना. आदल्या दिवशी मी आईची औषधं, भाताचा कुकर, वाळत घातलेले कपडे, सगळं कपाटात कोंबते. "इथं कुणी राहतं असं वाटतच नाही," असं पाहुणा म्हणाला की ओझाकीसान खुलतात. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. मला फक्त झोप येते.

ओझाकीसान म्हणजे अशी घरं वाचवणाऱ्या मंडळाचे सचिव. निवृत्त, सज्जन आणि चिकट. जतनाच्या यादीत नाव लागायचं तर घर मूळ रूपात हवं, आणि जिन्याला मुळात कठडा नव्हता. आईच्या कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हा बाबांनी तो स्वतः ठोकला, जरा वाकडाच. बाबा गेले. आता नव्वदीची आई तो कठडा धरून रोज सकाळी वर जाते आणि बाबांच्या स्मृतीसाठी मांडलेल्या देव्हाऱ्यात त्यांच्यासाठी ताज्या भाताची वाटी ठेवते. पण यादीत नाव लागलं नाही, तर आईमागे माझा नागोयाचा भाऊ घर पाडून जमीन विकणार. मग मी कुठे जायचं?

"काकू, मग कठड्याचं काय करायचं?" ओझाकीसाननी विचारलं.

"विचार करते हं," आई हसून म्हणाली.

आमच्याकडे जपानात याचा अर्थ 'नाही' असाच होतो. शेंबड्या पोरालाही तो कळतो. ओझाकीसाननाही कळला, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

"मंगळवारी आई दिवसभर केंद्रावर असते," मी म्हणाले.

मंगळवारी वृद्धांच्या केंद्राची गाडी तिला घेऊन गेली आणि दहाला सुतार आला. त्याने कठडा उखडला आणि राहिलेली भोकं त्याच जातीच्या लाकडाने अशी बुजवली की शोधून सापडेनात. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

संध्याकाळी आई परतली. जिन्याकडे बराच वेळ बघत राहिली. ओझाकीसान मुद्दाम थांबले होते. त्यांच्यापुढे ती कमरेत वाकली.

"फार सुरेख दिसतंय. तुम्हाला उगाच त्रास."

ते गेल्यावर मी विचारलं, "रागावलीस का?"

"चहा टाक. दमलेय मी."

"मीही दमलेय गं, आई."

"दिसतंय की मला. म्हणून तर बोलत नाही."

सकाळी भात झाला. आईने वाटी भरली आणि जिन्याशी गेली. सवयीने तिचा हात पुढे झाला, तिथे धरायला काही नव्हतं. मग वळून तिने वाटी माझ्या हातात दिली.

"आजपासून तू जा वर. आणि मी का आले नाही, ते तुझ्या बाबांना तूच सांग."