ताठ मानेची मोटर

मी एक जुनी मोटर आहे. होडीच्या मागच्या फळीला आवळलेली, अर्धी पाण्यात, अर्धी उन्हात. मित्रांनो, मला मान आहे. हँडल फिरवले की मी मानेत वळते आणि होडी दिशा बदलते. ही गोष्ट त्या मानेची आहे आणि माझ्या मत्सराचीही.

थोरल्या बाई माझ्या जोरावर खाडीपलीकडे उतारू नेत. मी नवी होते तेव्हा त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "एका बोटाने वळते हो माझी!" बारा वर्षे मी ते कौतुक ऐकले.

मग त्यांच्या धाकट्या जावेने होडी घेतली आणि तिला नवीकोरी मोटर लावली. धाकटी तिला रोज गोड्या पाण्याने धुई. तिच्यासाठी तिने कापडाचे टोपडेसुद्धा शिवले! मला कधी कोणी टोपडे शिवले होते? उतारू म्हणत, "हिचा आवाजच येत नाही!" ते ऐकून माझा जळफळाट होई. हिच्या पंख्यात गवत अडकावे, असे मी रोज मनात म्हणे. एकदा ते अडकलेही. पण धाकटीने दोन मिनिटांत काढून टाकले. माझा अख्खा दिवस वाईट गेला.

त्याच सुमारास माझी मान आखडू लागली. बाईंनी मानेजवळचा स्क्रू सैल केला, वरून तेल सोडले, पण काही फरक पडला नाही. मग त्या दोन्ही हातांनी हँडल ओढू लागल्या. रात्री खांदा शेकत, पण जावेला विचारायला जात नसत. मत्सर माझ्या एकटीचाच नव्हता.

एके सकाळी धक्क्याजवळ बाईंनी हँडल लोटले आणि मी वळलेच नाही. आमची होडी धाडकन धाकटीच्या होडीवर आदळली. नवीच्या झाकणावर लांबलचक ओरखडा उठला. खरे सांगते, मला गुदगुल्या झाल्या. तेवढ्यात आमच्याच होडीतून कण्हणे ऐकू आले. दवाखान्यात निघालेल्या एक आजी फळीवर पडल्या होत्या आणि त्यांच्या कपाळातून रक्त येत होते. माझा आनंद जागीच विरला.

धाकटीने आधी आजींच्या कपाळाला पट्टी बांधली आणि सोबत देऊन त्यांना दवाखान्यात धाडले. ओरखड्याकडे तिने पाहिलेही नाही. मग तिने माझे हँडल धरून पाहिले.

"जाऊबाई, हे दगड झालंय! कधीपासून?"

"झाले तीन महिने."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुझ्या नवीच्या कौतुकातून तुला सवड कुठे होती?"

"चुकलंच माझं," धाकटी म्हणाली. "पण तुम्हीही हाक मारायची होती."

तिने माझ्या मानेपाशी असलेले ग्रीस भरायचे छोटे तोंड उघडले. ते मिठाने बुजले होते. तारेने ते कोरून तिने गरम पाण्यात भिजवलेली फडकी माझ्या मानेभोवती गुंडाळली. मग ती ग्रीस दाबत राहिली आणि थोरल्या बाई हँडल हलवत राहिल्या. डावीकडे, उजवीकडे. सुरुवातीला बोटभरच. मग वरून आणि खालून काळा, वाळलेला चिकटा बाहेर आला, त्यामागून गंजाचे पाणी आले आणि शेवटी स्वच्छ ग्रीस आले.

"आता तुम्ही बघा," धाकटी म्हणाली.

बाईंनी हँडलला हात लावला. मी वळले. त्यांनी दुखरा खांदा हळूच खाली सोडला.

दुसऱ्या दिवशी दोघी आजींना बघायला गेल्या. हल्ली संध्याकाळी आम्हा दोघींनाही धुतात. नवीला आधी, मला नंतर. ते मला अजून खुपते; खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आम्ही जड होतो, तेच आमचे बोलणे. तेव्हा जोर लावू नका; काय अडले आहे ते पाहा. आणि उमजले नाही, तर शेजारी हाक मारा. अडले त्याच दिवशी मारा.