पलंगाखालचा शेवयांचा पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. बसायचा नव्हे, माझ्यावर नुसते टेकलात तरी अंगावर रेघा घेऊन उठाल. मी शेवयांचा पाट, लांबट, अंगभर बारीक खाचा असलेला.

उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावात सुताराने मला सागाच्या फळीतून घडवले. बजाबाई तेव्हा त्या घरात नवी सून होती. उन्हाळ्यात मला बाजेला तिरके टेकवून ती माझ्या वरच्या टोकावर मांड ठोकून बसायची आणि भिजवलेल्या कणकेचा गोळा तळव्याखाली ढकलत न्यायची, की खालच्या टोकाला शेवया लोंबू लागायच्या. लग्नघरी तर माझा फार मान. गल्लीतल्या बायका माझ्याभोवती बसून नखुल्या करायच्या. कणकेची इवलीशी गोळी माझ्या खाचांवर अंगठ्याने दाबून फिरवली, की तिचा शिंपला होतो, तीच नखुली. कोण रुसले, कुणाचे जमले, सगळे माझ्या कानावर पडायचे. तेव्हापासून मला चौकशीची खोड लागली आणि ती अजून सुटलेली नाही.

पुढे शेवयांची यंत्रे आली, तयार पाकिटे आली. बजाबाईच्या मुलाने, शिवराजने, सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेतला आणि आईला आणले. आईने मला आणले. शिवराजच्या बायकोने, पायलने, मला एकदा पाहिले आणि पलंगाखाली सरकवून दिले. वाईट वाटले हो. पण तिला तरी काय बोलायचे? तीही गावाकडचीच, इमारतीत नवी. इथल्या बायकांनी आपल्याला गावंढळ म्हणू नये, याचा तिने धसकाच घेतला होता.

एका रविवारी इमारतीतल्या बायकांनी खाली पार्किंगमध्ये एकत्र जेवायचे ठरवले. प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा. पायलने पास्ता सॅलड सांगितले. हे नाव मी जन्मात ऐकले नव्हते. कशाचे असते? गोड की तिखट? पलंगाखाली माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्या सकाळी शिवराज स्कूटर घेऊन ड्यूटीवर गेला. पायलने डाळ लावावी तसा पास्ता कुकरला लावला. शिट्ट्या झाल्या, झाकण उघडले, तर आत सुताला लावतात तसली खळ. कोपऱ्यावरच्या दुकानात ते एवढेच पुडके होते. पायल ओट्यापाशी मटकन बसली आणि रडू लागली. आता खाली काय तोंड दाखवू, हेच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

बजाबाई आत आली. रागावली नाही. कुकरमध्ये बोट घालून तिने चव बघितली.

“कशाचं असतंय गं ह्ये?”

“गव्हाच्या रव्याचं, आत्या.” सासूला ती आत्या म्हणते.

मग पायलने पुडक्यावरचे चित्र दाखवले. बजाबाईने ते खिडकीच्या उजेडात धरले आणि बराच वेळ बघितले.

“ह्या तर नखुल्या की गं.”

मित्रांनो, किती वर्षांनी मला हात लागला म्हणून सांगू! मला ओढून काढले, धुतले, पुसले. रवा घट्ट भिजला, झाकून मुरला. दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या. पायलच्या पहिल्या नखुल्या चपट्या झाल्या, तेव्हा बजाबाईने तिचा अंगठा धरून फिरवून दाखवला. मग मात्र दोघींचा हात चालू लागला.

नखुल्या उघड्या पातेल्यात उकळून निथळल्या, आणि बजाबाई सवयीने दूध-गुळाकडे वळली. पायलने तिला थांबवले. काकडी, टोमॅटो, कांदा चिरला, घट्ट दही फेटले, त्यात लिंबू, थोडे तेल आणि मिरपूड घातली आणि सगळे गार होऊ दिले. पाहुण्यांना थंड वाढायचे हे बजाबाईला काही पटेना. तरी चव घेतली. मग पुन्हा एक चमचा घेतला.

मला वाळायला गॅलरीत उभे केले होते. कठड्यातून खालचे सारे दिसत होते. पायलचे पातेले रिकामे होत आले, तेव्हा एका बाईने विचारले, हा पास्ता कुठल्या दुकानातला, असला कधी बघितला नाही. पायलने हातातला डाव पातेल्यात ठेवला. एखाद्या दुकानाचे नाव घेतले असते तर विषय तिथेच मिटला असता, आणि मी पुन्हा पलंगाखाली गेलो असतो. बजाबाई तिच्या शेजारीच ताटाकडे बघत बसली होती.

“दुकानातला नाही,” पायल म्हणाली. “माझ्या सासूबाईंनी शिकवलाय, आमच्या गावच्या पाटावर. तो काय, वर वाळतोय.”

सगळ्या माना वर झाल्या. बजाबाईचीही. एवढ्या माणसांनी एकदम माझ्याकडे कधी बघितले नव्हते.

आता मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून असतो. तुमच्याही माळ्यावर, पलंगाखाली असे काही पडले असेल. ते ओढून काढा, पुसा, आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, हे कशासाठी असते. माझ्या अंगावर खाचा आहेत, पण अंगठा कसा फिरवायचा हे मला सांगता येत नाही. ते बजाबाईच सांगू शकते, आणि तिचा हात अलीकडे जरा थरथरतो.