थांबा-पाटीला सुट्टी मिळाली

मित्रांनो, तुम्ही माझ्यासमोर कधी उभे राहिला नसाल, पण भलेमोठे ट्रक, टँकर आणि एकदा तर सर्कशीची अख्खी गाडी माझ्यासमोर निमूट उभी राहिली आहे. मी एक जुनी थांबा-पाटी आहे. लाकडाची, गोल, लांब दांड्याची. सध्या शाळेच्या भांडारात खिडकीपाशी, एका मोडक्या फळ्याला टेकून असते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मी मजेत आहे, आणि का मजेत आहे तेच तर सांगायचे आहे.

माझा जन्म एका तुटक्या बाकातून झाला. शाळेच्या सुताराने बाकाची फळी गोल कापली, तिला झाडूचा दांडा ठोकला आणि चित्रकलेच्या सरांनी लाल रंग देऊन पांढऱ्या अक्षरांत 'थांबा' लिहिले. सरांचा 'थां' जरा ऐसपैस झाला आणि बिचाऱ्या 'बा'ला कडेला अंग चोरून बसावे लागले. पण ट्रकवाल्यांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

मला हातात घेतले ते शाळेच्या शिपाई मावशींनी. हमरस्त्याच्या एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला वस्ती. रोज दोन वेळा मावशी रस्त्याच्या मधोमध जाऊन मला उंच धरत. पोरांना त्यांनी एक शिस्त लावली होती. जोडीने हात धरायचा आणि 'चला' म्हटले की दोघांनी एकदम पाऊल टाकायचे. एकजण पुढे गेला की मागचा धावतो, आणि धावला की घोटाळा होतो, असे त्यांचे म्हणणे. सोळा वर्षांत एका पोराला खरचटलेसुद्धा नाही. पालक कौतुक करू लागले की मावशी म्हणत, "ड्रायव्हर हिला घाबरतात हो, मला कोण विचारतंय!" मी मनातल्या मनात फुगत असे.

मग मावशींची नजर अधू होऊ लागली. एका धुरकट सकाळी लांबून येणारा टँकर त्यांना उभाच आहे असे वाटले. तो उभा नव्हता. करकचून ब्रेक लागले, माझी एक कड त्याच्या बंपरला घासून उडाली. मावशींच्या पाठीशी पहिलीची पोरे होती.

त्या संध्याकाळी मावशी मला दुरुस्तीसाठी घरी घेऊन गेल्या. डिंकाची बाटली हातात धरून नुसत्याच बसून राहिल्या.

"आई, आता बास कर. सोड हे काम," लेक म्हणाली.

"सोडते गं. पण पोरं कुणाच्या हवाली करू?"

एकच उपाय होता, रस्त्यावरून जाणारा पादचारी पूल.

आणि गंमत अशी की पूल तीन वर्षांपूर्वीच मंजूर झाला होता! रस्ता विभागीय रस्ते मंडळाचा, दोन्ही कडांची जागा नगरपालिकेची, म्हणून खर्च निम्मा निम्मा करायचा असे ठरले होते. नकाशा तयार होता. तरी कुदळ काही पडेना. मावशींनी रजा काढली आणि मला पिशवीत घालून नगरपालिका गाठली. माझे डोके बाहेरच होते, त्यामुळे मला सगळे दिसत होते. तिथल्या इंजिनिअर बाईंनी फाईल काढून पत्र दाखवले. 'मंडळाचा हिस्सा जमा होताच आमचा हिस्सा देण्यात येईल.' दुसऱ्या दिवशी आम्ही मंडळात गेलो. तिथल्या साहेबांनीही पत्र दाखवले. 'नगरपालिकेचा हिस्सा जमा होताच आमचा हिस्सा देण्यात येईल.'

दोघेही सज्जन. दोघेही तीन वर्षे टपालाची वाट बघत बसलेले. दारात दोन पाहुणे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत अडून बसावेत, तसे चालले होते.

मावशींनी पत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचले. "साहेब, म्हणजे आधी पाऊल कुणीच टाकायचं नाही, असं ठरलंय का?"

साहेब ओशाळले. "मी आधी पैसे दिले आणि त्यांनी हात वर केले, तर जाब मला द्यावा लागतो, मावशी. त्यांचंही तेच."

"मग आधी कुणीच देऊ नका. दोघांनी एकदम द्या. मी रोज दीडशे पोरं अशीच पलीकडे नेते."

"कशी नेता?"

"येऊन बघा की."

आठवड्याभरात साहेब आले, बाईही आल्या. शाळा सुटताना रस्त्याकडेला उभे राहून दोघांनी जोड्या जोड्या जाताना पाहिल्या. मग मुख्याध्यापिकांच्या खोलीत कागद मांडले गेले. पुलासाठी दोघांचे मिळून एकच खाते, आणि दोन्ही हिस्से त्यात एकाच दिवशी जमा करण्याचे आदेश. दोघांनी पेने उघडली. आणि खरे सांगते, दोघेही तिरक्या नजरेने एकमेकांच्या हाताकडे बघू लागले! माझा जीव टांगणीला लागला.

मावशींनी मला कोपऱ्यातून उचलले आणि टेबलावर उंच धरले. "थांबा." खोलीत कुणी हलेना. मग मला झटकन खाली घेतले. "चला!"

दोन्ही पेने एकदम कागदावर उतरली. साहेब हसले, बाई हसल्या, मावशी मात्र खुर्चीत बसून डोळे पुसत राहिल्या. मी आयुष्यभर गाड्या थांबवल्या. काही सुरू करून दिले ते तेवढे एकदाच.

पूल उभा राहायला जवळजवळ वर्ष गेले. तोवर मावशींना नवा चष्मा आला आणि सोबतीला दोन शिक्षक मिळाले. पूल सुरू झाला त्या दिवशीही मावशी मला घेऊन खाली रस्त्याच्या कडेला उभ्याच. डोक्यावरून पोरांची धडधड गेली. खालून ट्रक सुसाट जात राहिले आणि कुणाचेच काही बिघडले नाही. शेवटचे पोर वस्तीच्या बाजूला उतरले, तेव्हा मावशींनी असा लांब श्वास सोडला की तसा मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सुटलो गं बाई दोघी."

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला विसरू नका. माझी विनंती उलटी आहे. तुमच्यातले काहीजण पुलाचा चढ चुकवायला खालून पळत रस्ता ओलांडतात, ते मला भांडाराच्या खिडकीतून दिसते आणि वाटते, मला पुन्हा रस्त्यावर उतरावे लागणार की काय. दोन मिनिटे जास्त चाला, पण पुलावरून जा. मला रंग देऊ नका, काचेच्या कपाटात ठेवू नका. कोळ्याने माझ्या दांड्यावर जाळे विणले आहे. ते कुणाला तोडावे लागणार नाही, एवढे बघा.