दगड नको म्हणणाऱ्या साहेबांची दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. चांदण्या बघणारी हौशी दुर्बीण नव्हे. तिपाईवर बसून जमीन कुठे उंच, कुठे सखल ते सांगणारी कामाची दुर्बीण. मला लेव्हल म्हणतात. किनाऱ्यावर मला पाहून रिकामटेकडे लोक विचारायचे, "फोटो काढता का हो?" मित्रांनो, असल्या प्रश्नांना उत्तर न देण्याची सवय मला लवकर लागली. माझी भिंगं जुन्या घडणीची. त्यांतून माणसं उलटी दिसतात, डोकं खाली, पाय वर. पुढे माणसांची नीट ओळख झाली, तेव्हा कळलं की माझं काही चुकत नव्हतं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथला म्हातारा भिंगवाला दिवसभर काच घासायचा आणि सगळ्यांना नावं ठेवायचा. काच लखलखीत झाली, पण त्याचा स्वभावही मला लागला. पितळी अंग आणि आत मखमल लावलेली लाकडी पेटी अशा थाटात मी एका किनारा-अभियंत्याच्या हाती आले. सगळे त्यांना साहेब म्हणत.

साहेब दर महिन्याला ठरलेल्या जागी मला उभं करत. पट्टीवाला आकडे रंगवलेली उंच पट्टी घेऊन पाण्याकडे जाई आणि साहेब माझ्यातून ती वाचत. वाळू कुठे चढली, कुठे खचली, ते त्यावरून कळे. पट्टीवाला गुडघाभर पाण्यात एका पायावर तोल सावरायचा, म्हणून त्याचं नाव बगळा. खऱ्या बगळ्याला निदान मासा मिळतो. ह्याला पडसं मिळायचं.

मग बंदरासाठी समुद्रात लांबलचक बंधारा घातला गेला. साहेबांनी आधीच बजावलं होतं, "वाळू किनाऱ्याच्या कडेने वाहत असते. इथे अडवलीत तर पुढच्या वस्तीला मिळणार नाही." बंदराच्या अध्यक्षांनी मान डोलावली. समुद्राविषयी त्यांना एवढंच ठाऊक होतं की तो खारट असतो. उद्घाटनाला टाळ्या पडल्या. माझंही कौतुक झालं, तेही कुणीतरी मला कॅमेरा समजून.

काही वर्षांतच बंधाऱ्यामागे वाळूचा डोंगर साचला आणि पुढची वस्ती उघडी पडू लागली. पाण्याला सगळ्यात जवळचं घर साहेबांच्या आईचं. त्याला लागून एका शेजारणीचं. साहेब तिला मावशी म्हणत.

साहेबांनी उपाय सुचवला. गाळ उपसणारं जहाज लावून अडकलेली वाळू इकडे आणून टाकायची, आणि पुढेही अधूनमधून टाकत राहायची. हा उपाय अध्यक्षांच्या पचनी पडेना. वाळूवर नावाची पाटी लावता येत नाही ना!

एकदा आम्ही आईच्या अंगणात काम करत असताना अध्यक्ष आले. बूट वाळूत रुतत होते, तरी ऐट कमी नव्हती.

"साहेब, तो वाळूचा हट्ट सोडा," ते म्हणाले. "आपण दगड टाकू. पहिला ढीग तुमच्या आईच्या घरापुढे. मग तर झालं?"

"आणि मावशींच्या घरापुढे?"

"त्यांचं नंतर बघू."

"दगडावर आपटलेली लाट टोकाला वळते आणि शेजारचं आवार खाते. हे मी तुम्हाला आधीही सांगितलंय."

"अहो, शेजारीण म्हणजे काय तुमची आई आहे का?"

"दगड नकोत," साहेब म्हणाले.

आई दारातच उभी होती. अध्यक्ष गेल्यावर ती बाहेर आली. "जगाचं भलं करायला तुला माझंच छप्पर सापडलं?"

"आई, दगडांनी घर फार तर चार वर्षं टिकेल. तेवढ्यात मावशींचं जाईल."

"मग जाऊ दे की तिचं."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मला तिचं बोलणं आवडलं. निदान मनातलं होतं. साहेबांचा मात्र राग आला. चांगुलपणाचा इतका तोरा कशाला? पण त्यानंतर, मी सपाट बसले की नाही ते दाखवणारा माझ्या नळीतला बुडबुडा त्यांना काही केल्या मध्यावर आणता येईना. एकच स्क्रू ते पुन्हा पुन्हा उलटसुलट फिरवत राहिले. तेव्हापासून मी त्यांना नावं ठेवायचं सोडलं.

समुद्र खवळायच्या आधी घर रिकामं केलं. दारं, खिडक्या, कौलं, सगळं उतरवलं. मावशी भांडी वाहायला आल्या. आई मुलाशी एक अक्षर बोलली नाही. पुढे लाटांनी जोतंसुद्धा ठेवलं नाही.

मग आईने काय केलं? एक खुर्ची उचलली आणि अध्यक्षांच्या कचेरीत, त्यांच्या टेबलासमोर मांडली. बगळा तिला रोज सोडायला जायचा, त्याच्याच तोंडून मी हे ऐकलं. अध्यक्ष म्हणाले, "आजी, इथे बसता येणार नाही."

"घर होतं तेव्हा घरी बसत होते," ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली. येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, ही कोण? मग ती सगळं सांगायची, सावकाश, अगदी पहिल्यापासून.

अखेर अध्यक्ष कंटाळले आणि जहाज आलं. पाइपातून वाळू ओतली जाऊ लागली, तेव्हा अध्यक्षांनी पुढे उभं राहून फोटो काढून घेतला. कल्पना म्हणे त्यांचीच. मला ते उलटे दिसत होते. तसेच शोभत होते.

मावशींच्या घरापुढे पुन्हा वाळूची रुंद पुळण झाली. त्या संध्याकाळी साहेब मला घेऊन आपल्या दोन खोल्यांत परतले. आई आता तिथेच राहत होती.

"माझं घर गेलं आणि तिचं वाचलं," ती म्हणाली. "लोक तुला मूर्ख म्हणतात."

"तू काय म्हणतेस?"

"मीही तेच म्हणते. हात धू, जेवायला बस."

इतक्या महिन्यांनी ती त्यांच्याशी बोलली होती. साहेब बराच वेळ हातच धूत राहिले.

आता साहेब निवृत्त झाले आहेत. नवी यंत्रं आली आहेत, कामात चोख आहेत, हे मी नाइलाजाने मान्य करते. मी कपाटात पडून आहे. भिंगावर बुरशी चढते आहे. मित्रांनो, कधी हाताळलंत तर मऊ कोरड्या फडक्याने पुसा. सदऱ्याच्या टोकाने नको. आणि किनाऱ्यावर एखादा माणूस महिनोन् महिने एकाच जागी उभा राहून वाळूकडे बघताना दिसला, तर त्याला वेडा ठरवण्याआधी तो काय म्हणतोय ते एकदा ऐकून घ्या. तुमच्याकडून ह्याहून जास्त अपेक्षा मी ठेवत नाही.