आतली पूजा

नवरीच्या गळ्यात हार पडायला आणि पडदा निळा व्हायला एकच गाठ पडली. संचिताने माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. टेबलाखालच्या काळ्या खोक्यात पंखा घरघरला, थांबला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"मेलं परत बसलं?" गवारीच्या शेंगा मोडता मोडता मंदाने विचारलं.

"बसलं, आई."

"रुसूबाईचं लेकरू जसं. कुणाचं तरी उतरलेलं बांधलंय तुझ्या गळ्यात. त्या दुकानदाराचं तोंड बघितलं तेव्हाच मी ओळखलं होतं."

संचिता सुनेच्या पायरीने राहणारी, उलट बोलणारी नव्हे. तिने फक्त मान हलवली. प्लग बदलून झाला होता, विंडोज नव्याने टाकून झालं होतं, टेबलफॅन आणून खोक्यासमोर लावून झाला होता. खोकं उघडून बघणं तेवढं राहिलं होतं. पण सुटे भाग दुकानात जोडून घेतलेले, बाजूच्या पत्र्यावर दुकानाचं सील. सील तुटलं की वॉरंटी गेली.

गणपतीच्या आधी हे खोकं गोडदेवच्या त्यांच्या दोन खोल्यांत आलं आणि मंदाचे दिवस पालटले होते. नवघरच्या साहिल फोटोग्राफरने काढलेली लग्नं संचिता घरी बसून जोडायची. फितीत मागचं पुढे झालेलं असायचं, मग ती हाक मारायची. "आई, जरा बघा ना. हा पोरगा नवरदेवाचा कान का पिळतोय? हे कुठे टाकू?" चौथीतून शाळा सुटलेली मंदा पदराला हात पुसत यायची, खुर्ची ओढून बसायची आणि कानपिळीपासून वरातीपर्यंत सगळं एका दमात सांगायची. अख्ख्या जन्मात कुणी तिला असं खुर्ची देऊन विचारलं नव्हतं.

दसऱ्यापर्यंत ठीक चाललं. मग हे निळं होणं सुरू झालं. साहिलची दोन लग्नं रखडली. आता तो काम दुसऱ्याला द्यायच्या गोष्टी बोलत होता.

रात्री जितेशने ताट पुढे ओढलं आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "उद्या रविवार आहे. दुकानात नेऊ. त्याने बदलून दिलं तर ठीक. नाहीतर तिथेच विकून मोकळं व्हायचं आणि सोमवारपासून तू गाळ्यात. काशीगावच्या सुपरवायझरने जागा अजून भरलेली नाहीये."

संचिताने वाढता वाढता हात थांबवला. त्या गाळ्यात तिने पॅकिंगला उभं राहून दिवस काढले होते. संध्याकाळी चपलेचे बंद पायात रुतलेले असायचे.

"बदलून देत नाही म्हणजे?" मंदाने डोळे मोठे केले. "त्याच्या बापाला द्यावं लागेल. मी येते. ह्या पोरीला परत गाळ्यात नाही जाऊ द्यायची मी."

संचिताने सासूकडे पाहिलं आणि तिच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

खोकं जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षाने नेलं. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवल्याबरोबर मंदाने तोंड उघडलं.

"ओ शेठ! नया बोलके सडेला माल चिपकाया क्या? गरीब का मुंडी मुरगाळके दुकान चलाता है?"

"माजी, पहले देखने तो दो," काउंटरमागचा शेठ म्हणाला. गुजराती माणूस, आवाज मऊ.

"क्या देखनेका? हमारे घर में सोने जैसा रखा उसको! रोज पुसती मैं, खुद के हात से!"

"आई, हळू," संचिताने तिचा पदर ओढला.

"हळू काय? हळू बोलणाऱ्याचंच लोक खातात."

समोरचा उसाचा रसवाला गिऱ्हाईक सोडून बघायला लागला. भाजी घेऊन चाललेली वरच्या मजल्यावरची पिंकी पिशव्या सावरत थांबली. मंदाला आणखी चेव आला. हा शेठ कसा लबाड, याने आजवर किती घरं बुडवली असतील, हे तिने येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. शेठ स्क्रू काढत राहिला. सील फाटलं, पत्रा बाजूला झाला.

त्याने टॉर्च लावली आणि वाकून बघतच राहिला. मग चिमट्याने आतून काहीतरी उचललं आणि काउंटरच्या काचेवर ठेवलं. तांदळाचा लाल दाणा. मग दुसरा. मग झेंडूची वाळकी पाकळी. मेमरीची पट्टी त्याने उपसून काढली. तिच्या खाचेत हळद-कुंकू भिजून, वाळून, चुन्यासारखं घट्ट बसलं होतं.

मंदाने तो दाणा ओळखला.

दसऱ्याच्या सकाळी कोयती, विळी, शिवणयंत्र यांच्या रांगेत तिने हे खोकंही पुजलं होतं. "आई, बाहेरूनच हां," असं बजावून संचिता आंघोळीला गेली. पण देवळाच्या दाराला कुंकू लावून कोणी परत येतं का? गाभाऱ्यात जावं लागतं. खोक्याच्या डोक्यावरची जाळी नुसती चुंबकावर बसलेली, पुसताना तिला ठाऊक झालेली. ती उचलून मंदाने आत हळद-कुंकू सोडलं, अक्षता टाकल्या, फुलाने पाणी शिंपडलं. 'माझ्या पोरीला यश दे,' म्हणाली, आणि जाळी होती तशी बसवली.

"माजी," शेठ हसला, "पूजा अंदर से करते हैं क्या?"

त्याच्या हसण्यात राग नव्हता. जितेशही अर्धवट हसला. "आई, तू केलंस काय हे?"

हो म्हटलं असतं तर सगळे हसले असते. म्हातारी माणसं असंच करतात म्हणाले असते, आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण रसवाला बघत होता. पिंकी बघत होती. एवढा वेळ त्या शेठला उभा सोललेला, तो आवाज अजून रस्त्यावरून गेला नव्हता.

"मला काय माहीत?" मंदा म्हणाली. "मी अडाणी बाई. ते खोकं उघडतं कुठून, तेही मला ठाऊक नाही."

सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा मीटिंगमध्ये तिला हाच 'अडाणी' शब्द वापरला होता. त्याला तिने असा धुतला की अजूनही ती लिफ्टमध्ये दिसली की तो जिन्याने जातो. आज तो शब्द तिच्या तोंडून सहज सुटला, जणू वर्षानुवर्षं जिभेखाली ठेवलेला.

संचिताने मान वळवून सासूकडे पाहिलं. वाट बघितल्यासारखी बघत राहिली. मंदा रसवाल्याच्या चरकाकडे बघत होती.

"म्हणजे तू?" जितेश बायकोवर उलटला. "कोर्स केलास ना तू कॉम्प्युटरचा? सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय. आणि ही अक्कल?"

"वॉरंटी तर गेलीच ना," संचिता शेठला म्हणाली.

"पानी है बेटा, कंपनी नहीं लेगी. बोर्ड गया समझो."

"मग जे भाग चालू आहेत ते तुम्हीच विकत घ्या," जितेश म्हणाला. "परत घरी नको ते."

येताना रिक्षात संचिताच्या मांडीवर घडी घातलेली चादर होती. मंदा फाटकापर्यंत शेठला शिव्या घालत होती.

सोमवारी संचिता डबा घेऊन गाळ्यात गेली. मंदाला चहा वेळेवर मिळत होता, भाजीत मीठ बेताचं होतं, 'आई' म्हणून हाकही येत होती. बोट दाखवायला कुठे जागा नव्हती.

तुळशीचं लग्न झालं आणि एका संध्याकाळी पिंकी आली. संचिता नुकतीच घरात शिरली होती, गरम पाण्याच्या टबात पाय सोडून भिंतीला टेकली होती.

"मंदाताई, सान्वीचं ठरलं हो, माझ्या भाचीचं! आता मला सांगा, सूनमुख कधी बघायचं? आमच्या घरात कुणालाच धड ठाऊक नाही."

मंदाने पदर सावरला. खाकरून गळा मोकळा केला.

"त्यांना नका विचारू, पिंकीताई," संचिता म्हणाली. आवाज अगदी साधा, डोळे मिटलेले. "आई अडाणी आहेत. त्यांना काय ठाऊक?"

पिंकी खो खो हसली. मग मंदाच्या तोंडाकडे बघायला लागली, आता काय ठेवणीतलं बाहेर पडतंय म्हणून. मंदाचे ओठ हलले. पिंकीचं हसू हळूहळू विरलं आणि ती कढईत काय शिजतंय ते विचारायला लागली.

"पाणी निवलं असेल गो तुझं," मंदा उठून सुनेला म्हणाली. "आण, दुसरं तापवून देते."

ती गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि तिने टबाची कड धरली. संचिताने पाय बाहेर काढले नाहीत.