मंजुळेच्या पाठीवरची नोकरी

मित्रांनो, मी एक म्हातारा गायबगळा आहे. माझी उमेदीची वर्षं एका म्हशीच्या पाठीवर गेली. तिचं नाव मंजुळा. मालवणजवळच्या एका वाडीत ती आनंदीबाईंकडे होती. मला कोणी नेमलं नव्हतं, तरी मी कधी दांडी मारली नाही.

माझं रूप सांगतो. अंग पांढरं, चोच पिवळी, मान आखूड. खाडीतले आमचे भाऊबंद लांब मानेचे. ते चिखलात उभे राहून माशाची वाट बघतात आणि लोक त्यांना ढोंगी म्हणतात. मुंबईच्या पत्राची वाट बघत अख्खी वाडी उभी असते, तिला कोणी काही म्हणत नाही. विणीच्या दिवसांत आमचं डोकं, छाती आणि पाठ केशरी होते. पहिल्यांदा झाली तेव्हा मला वाटलं, कावीळ.

काम सोपं होतं. मंजुळा चरू लागली की तिच्या पायांपुढे उडणारे नाकतोडे टिपायचे, बेडूक दिसला तर बेडूक. ती रवंथ करत बसली की पाठीवर चढून गोचिडी काढायच्या. आनंदीबाई मला बघून मुलाला टोमणे मारत.

"बगळो बघ रे सत्यवाना! सकाळीच कामाक लागलो. तू अजून खाटेर!"

"मगे त्येकाच जेवक वाढ, आये," सत्यवान कूस बदलत म्हणे.

तळीकाठच्या चिंचेवर आमची घरटी होती. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या पावसात माझ्या घरट्यात तीन फिकट निळी अंडी होती. तिन्ही फुटली. आमच्यात धाकटं पिल्लू सहसा जगत नाही. थोरली दोघं त्याला ढकलून घास पळवतात. यंदा धाकट्यालाही जगवायचंच, असं मी ठरवलं. माझ्या बगळीने घरट्यातली एक काडी सरळ केली.

त्याच सुमाराला सत्यवानाने भातावरच्या किडीसाठी सरकारी पावडर आणली. शेतात मारून पसाभर उरली. आता, उरलेलं टाकायची आमच्या वाडीत रीत नाही. नारळाचं खोबरं आमटीच्या वाटपात जातं, करवंटीचा डवला म्हणजे पळी होते, वरची सोडणं चुलीत जातात.

"आये, ही उरली. टाकूया?"

"टाकतलंस? किड्यांका मारता ना ती? मगे गोचड्यो काय तुझ्यो मावश्यो?"

आनंदीबाईंनी ती पावडर मंजुळेच्या अंगाला चोळली. कानामागे, शेपटीखाली, अगदी मायेने. मी कुंपणावरून बघत होतो. मला वाटलं, सणाचं काहीतरी असेल.

दुसऱ्या दिवशी नवलच झालं. एरवी एक गोचीड उपटायची म्हणजे शेपटीचे चार फटके खावे लागत. त्या दिवशी गोचिडी आपणहून सुटून येत होत्या. एवढं सोपं जेवण मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बढती मिळाली. गळा भरून मी घरट्याकडे उडालो आणि सगळं पिल्लांपुढे ओतलं. थोरल्यांना पंखाने अडवून पहिला घास धाकट्याला दिला. मी शब्दाचा पक्का.

दुपारी धाकट्याची मान ठरेना. मग मधल्याचे पाय थरथरू लागले. दिवस मावळायच्या आत तिन्ही गेली. मला नुसती घेरी आली. माझ्या पोटात काही उरलंच नव्हतं, सगळं त्यांना दिलं होतं. बगळी मात्र काड्या मागत राहिली. मी आणत राहिलो. घरटं छान झालं.

चिंचेखाली पडलेली पिल्लं आनंदीबाईंनी पाहिली.

"अरे देवा! घारीन मारल्यान गो!"

त्यांना खरंच वाईट वाटलं. दोन दिवस त्या दिसेल त्या घारीला दगड मारत होत्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या रुक्मिणीला म्हणाल्या, "म्हस बघ माझी. एक गोचीड नाय! तुका व्हयी तर पावडर मागवतंय."

मी पुन्हा मंजुळेच्या पाठीवर बसलो नाही. ती अधूनमधून मान वळवून बघे.

"बगळो रुसलो सो दिसता," आनंदीबाई म्हणाल्या.

मित्रांनो, बगळा काय खातो ते तुम्ही शाळेत पाठ करता. नाकतोडे, बेडूक, गोचिडी. यांतलं काहीही मारायचं झालं तर खुशाल मारा, पण आधी एकदा वर झाडाकडे बघा. तिथे एखादी चोच उघडी असेल.