ओलं म्हणजे ओलं

शंभर किलोत अठरा किलो. वजनकाट्यावर आकडा स्थिर झाला आणि दाताळीच्या तोंडून अशी शिवी निघाली की ती ऐकून काटा एखादा किलो मागे सरकायला हरकत नव्हती. पण काटा निर्लज्ज. अठरा म्हणजे अठरा.

दाताळी ही कचरा वेगळा करायच्या शेडची मुकादम. हातात कायम लोखंडी दाताळं, आणि बोलायला लागली की समोरच्या माणसालाही त्याच दातांनी विंचरून काढायची, म्हणून हे नाव. तिच्या हाताखाली बावीस बायका. हिरव्या डब्यातल्या ओल्या कचऱ्याचं खत करायचं, निळ्या डब्यातल्या सुक्या कचऱ्यातली काच, पत्रा, प्लास्टिक, कागद वेगळं करून पुन्हा कारखान्यांना द्यायचं, हे त्यांचं काम.

नगरपालिकेला हे पुरत नव्हतं. तिला भट्टी हवी होती. सगळा कचरा एकत्र जाळणारी, उंच चिमणीची. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा सभेनं अट घातली: तीन तपासण्या होतील. शेवटच्या तपासणीत शंभर किलो ओल्या कचऱ्यात भलत्या वस्तू पाच किलोच्या आत आल्या, तर शेड राहील. नाहीतर भट्टी. पहिल्या तपासणीला अकरा किलो निघाले होते. आज दुसरी होती. तिसरीला तीन आठवडे उरले होते.

"बाई, मनाला लावून घेऊ नका," नगर अभियंता म्हणाले. सगळे त्यांना साहेब म्हणत. "माणसाचा स्वभावच आहे हा. भट्टीला काही शिकवावं लागत नाही. टाकलं की जळलं."

"आणि धूर?"

"गाळून सोडणार. एकदम नवी गाळणी आहे."

"गाळणीत अडकेल ते?"

"ते खोल खड्ड्यात पुरणार."

"कुणाच्या?"

साहेबांनी रुमाल नाकाला लावला. खड्डा कुणाचा, याचं उत्तर कुणाच्याच नकाशात नसतं.

हा सगळा परिसर पिकवणारा. गाजर, बीट, वाटाणा, दूध. इथलं गाजर बाळांचं अन्न करणाऱ्या कारखान्यात जायचं, आणि कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्यानं स्वच्छ लिहून दिलं होतं: चिमणी पेटली की तिच्यापासून दहा किलोमीटरच्या आतलं गाजर बंद. बाळाच्या तोंडात घालायच्या वस्तूवर राखेचा संशयसुद्धा नको. इतकी साधी गोष्ट, पण शिकलेल्या माणसांना साधं काही पटत नाही. दाताळीच्या नवऱ्याचं गाजराचं शेत भट्टीच्या जागेपासून दोन किलोमीटरवर होतं.

"गाजराची पुंगी," तो त्या दिवशी म्हणाला, "वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खायची. आपली तर मोडूनही कुणी खाणार नाही."

दाताळीला झोप येईना. घोर लागला होता, आणि त्याहून जास्त संताप. पहिल्या तपासणीनंतर तिनं स्वतः नोटीस लिहून घराघरात वाटली होती. 'ओला कचरा हिरव्या डब्यात. सुका कचरा निळ्या डब्यात. बाटल्या, डबे, पिशव्या धुऊनच टाका!' उद्गारचिन्हसुद्धा तिचंच. आणि नोटिशीनंतर अकराचे अठरा झाले!

"गाव मुद्दाम करतंय," ती दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गरजली. "डबे काय, मेंदू काय, सगळं एकच करून ठेवलंय मेल्यांनी."

चष्मेवाली नावाची एक बाई ढिगाऱ्यात वाकली होती. तिनं जॅमची बरणी वर काढून उजेडात धरली. "बाई, मुद्दाम करणारा असा घासून टाकेल का हो? माझ्या घरच्या कपबशा एवढ्या स्वच्छ नसतात."

दाताळीनं बरणी घेतली. खरंच लखलखीत. पत्र्याचे डबे पाहिले, तेही धुतलेले. दुधाच्या पिशव्या कापून, उलट्या करून धुतलेल्या. सगळं हिरव्या डब्यातून आलेलं. चुकार माणूस घाण टाकतो. हे तर कुणीतरी मनापासून, नियम पाळून चुकत होतं. ही कसली चूक?

दुपारी ती जेवायला घरी आली, तर सासूबाई मोरीपाशी उभ्या. दुधाची पिशवी नळाखाली धरून दोनदा खळबळली, झटकली, आणि अलगद हिरव्या डब्यात सोडली.

दाताळी उंबऱ्यातच थबकली. "आई! हे काय केलंत?"

"काय केलं? धुतली."

"मग हिरव्या डब्यात का?"

"ओली आहे ना गं. हात लावून बघ."

"अहो, ओला म्हणजे..." दाताळी थांबली. ओला म्हणजे काय? सासूबाईंनी तेवढ्यात खिडकीतला शिळा पाव उचलला, ओट्यावर ठक्‌ करून आपटला आणि निळ्या डब्यात टाकला.

"आणि हा?"

"हा खडखडीत सुका. चहाचा चोथापण मी उन्हात वाळवून मगच निळ्यात टाकते. तूच लिहिलंयस ना? आमच्या गल्लीत सगळ्या तसंच करतात. समोरची तर बरणी पुसली गेली म्हणून पुन्हा ओली करून टाकते. सुनेची नोटीस आहे म्हटल्यावर मी जातीनं सगळ्यांना समजावून आले."

"तुम्ही समजावलंत?"

"तीन गल्ल्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या गावाला ती महिनाभर मूर्ख म्हणत होती ते गाव तिचा शब्द इमानानं पाळत होतं. 'धुऊन टाका' लिहून तिनंच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. दाताळी खाली बसली आणि खदाखदा हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना.

"वेड लागलं का?" सासूबाई घाबरल्या. "मग काय लिहायला हवं होतं?"

"तुम्हीच सांगा. ही पिशवी शेवटी कुठं जाणार?"

"कारखान्यात. तिथं तिचं पुन्हा काहीतरी होणार, असं तूच म्हणतेस."

"आणि चोथा?"

"तो मातीत जाणार. आलाय तोही तिथूनच." सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "मग सरळ तसंच लिही की. मातीचं मातीला, कारखान्याचं कारखान्याला. ओलं-सुकं काय करतेस? ओलं म्हणजे ओलं असतं."

जेवायला आलेला नवरा दारात उभा होता. "आणि मी कोणत्या डब्यात?"

"तू मातीचा," आई म्हणाली. "पाय धुऊन घरात ये."

पुढचे तीन आठवडे दाताळीनं नोटीस छापली नाही. कागदावरचा तिचा विश्वास उडाला होता. बावीस जणींनी हातात रंगाचे डबे घेतले, घरोघर जाऊन हिरव्या झाकणावर 'मातीचं' आणि निळ्यावर 'कारखान्याचं' असं लिहिलं. प्रत्येक दारात दाताळी तीच गोष्ट सांगायची: चूक तुमची नाही, माझी. माफी मागायची तिला सवय नव्हती. पहिल्या दहा घरी तिनं ती भांडल्यासारखीच मागितली. सासूबाई आपल्या तीन गल्ल्या पुन्हा फिरल्या. "आधी सांगितलं ते विसरा," एवढंच म्हणायच्या, जणू हवामानाचा अंदाज बदलला होता.

तिसऱ्या तपासणीला साहेबांनी बाजारामागच्या गल्ल्यांची गाडी स्वतः निवडली. तिथला कचरा सगळ्यात वाईट. शंभर किलो मोजून फरशीवर पसरला. बायका वाकल्या. सालं, देठ, अंड्यांची टरफलं, पालापाचोळा. एक पत्र्याचा डबा. दोन बरण्या. काही पिशव्या. बादलीत जमा झालेल्या भलत्या वस्तू काट्यावर तीन किलो शंभर भरल्या. दाताळी श्वास सोडणार, एवढ्यात चष्मेवालीचं दाताळं कशावर तरी खणकलं.

लोखंडी कढई. जड, जाड, तळाला दूध करपून कोळसा झालेली. कुणीतरी रागाच्या भरात दुधासकट फेकलेली.

"करपलेलं मातीचं," चष्मेवाली बारीक आवाजात म्हणाली. "म्हणून टाकली असेल बिचारीनं."

"कढई कारखान्याची," साहेब म्हणाले. "काट्यावर ठेवा."

ठेवली. आकडा वर चढला, डळमळला. बावीस जणींपैकी एकीनंही हालचाल केली नाही. कढई एक किलो पाचशेची निघाली.

एकूण चार किलो सहाशे.

साहेब वाकून बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि आकडा जसाच्या तसा लिहिला. माणूस चिमणीच्या प्रेमात होता, पण लबाड नव्हता. एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. "बाई, हे कसं केलंत?" त्यांनी विचारलं.

"सासूला विचारलं," दाताळी म्हणाली.

दुपारी नगरपालिकेची सभा होती. दाताळी मागच्या बाकावर नवऱ्याशेजारी बसली. नगराध्यक्षबाईंनी आकडा वाचला. दोन सदस्य तरीही भट्टीची बाजू घेऊन बोलले, एक जण तर चिमणीमुळे गावाला उंची येईल म्हणाला. मग हात वर झाले. अकरा शेडच्या बाजूला, सहा भट्टीच्या. "भट्टीचा प्रस्ताव रद्द," नगराध्यक्षबाई म्हणाल्या. "शेड कायम."

नवरा टाळी वाजवायला उठला, आणि त्याच्या खांद्यावरचं ओझं एकदम वाढलं. वळून बघतो तर दाताळीचं डोकं तिथं आलं होतं. तो हळूच परत खाली बसला.

पुढचा विषय रस्त्यावरच्या खड्ड्यांचा होता. एक सदस्य तावातावानं उभा राहिला, टेबलावर मूठ आपटायला हात उचलला, आणि मागून घोरण्याचा आवाज आला. चांगला दणदणीत, दाताळीला शोभेल असा.

सगळे वळले. नगराध्यक्षबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"खड्डे घ्या," त्या कुजबुजल्या. "पण हळू."